तिथे तारा नाही

मागच्या वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, आमच्या भागातल्या एका शाळेत प्रदर्शन होतं. त्यात माझा एक फोटो लावला होता. दोन फूट बाय दीड फूट, काचेच्या चौकटीत. खाली पाटी होती : ‘एम ५१, भोवरा दीर्घिका. पुण्यातल्या गच्चीवरून टिपलेली.’ लोक थांबून बघत होते आणि मी बाजूला उभा राहून माहिती सांगत होतो. आमच्याच सोसायटीतली नववीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिने बराच वेळ फोटो पाहिला, मग काचेवर बोट टेकवून म्हणाली, “काका, इथला हा तारा पुस्तकातल्या फोटोत नाहीये. सुपरनोव्हा असेल का?”

मी वाकून पाहिलं. दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजेवर, शेजारच्या लहान दीर्घिकेकडे वळणाऱ्या बाजूला, एक टोकदार पांढरा ठिपका होता. मी म्हणालो, “नाही गं, कॅमेऱ्याचा दोष आहे तो. हॉट पिक्सेल म्हणतात त्याला.” तिने ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

हे उत्तर खोटं होतं. आणि देताना मला ते माहीत होतं.

हॉट पिक्सेल म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावरचा असा एखादा बिंदू, जो प्रकाश न पडताही उजळ नोंद देतो. प्रत्येक कॅमेऱ्यात ते असतात. पण ते काढायची सोय आम्ही आधीच करून ठेवलेली असते. झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या, तेवढ्याच तापमानाच्या डार्क फ्रेम्स घेतो आणि त्या वजा करतो. शिवाय दर काही फ्रेम्सनंतर दुर्बीण मुद्दाम चार-सहा पिक्सेल इकडेतिकडे सरकवतो. मग सगळ्या फ्रेम्स ताऱ्यांवर जुळवून एकावर एक रचल्या, की संवेदकाचा दोष दर वेळी वेगळ्या जागी पडतो आणि गणितात गाळला जातो. माझ्या त्या फोटोत दोन-दोन मिनिटांच्या ३१२ फ्रेम्स होत्या, नऊ रात्रींत मिळून १० तास २४ मिनिटं. एवढ्या गाळणीतून हॉट पिक्सेल शिल्लक राहत नाही. त्या मुलीला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि मी त्याचाच फायदा घेतला.

तो ठिपका कुठून आला ते सांगायचं तर आधी माझ्या दुर्बिणीबद्दल सांगायला हवं.

सुरुवातीची तीन वर्षं माझ्याकडे ८० मिलिमीटरची छोटी भिंगाची दुर्बीण होती, नाभीय अंतर ४०० मिलिमीटर. मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, कृत्तिका असे मोठे विषय तिच्यात छान बसायचे. पण भोवरा दीर्घिका आकाशात ११ कलांची, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या जेमतेम एक तृतीयांश. छोट्या दुर्बिणीत ती नखाएवढी यायची. मला ती मोठी हवी होती. मग आठ इंची आरशाची दुर्बीण घेतली, नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर. घेताना घरी सांगितलं होतं, की आता पुस्तकात असतात तशा दीर्घिका येतील. पैसा मोठा होता. बायकोने एकदाच विचारलं, “नक्की ना?” मी नक्की म्हणालो.

ज्यांनी ही वाट आधी तुडवली होती त्यांनी मला तेव्हाच सावध केलं होतं. हिशेब साधा आहे. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. २०३२ मिलिमीटरला एका पिक्सेलच्या वाट्याला आकाशाचा ०.३८ विकला इतका तुकडा येतो. आणि पुण्यातली हवा ताऱ्याचा बिंदू पसरवून किती करते? माझ्या त्या नऊ रात्रींची सरासरी ३.४ विकला होती. म्हणजे जो तारा एका टिंबात मावायला हवा, तो नऊ पिक्सेल रुंद होऊन कॅमेऱ्यावर पडत होता. दुर्बीण दीर्घिका मोठी करून देते. हवेने पुसून टाकलेले बारकावे परत आणणं तिच्या हातात नाही. हे मला समजत होतं. तरी मी घेतली, कारण मला पडद्यावर मोठं चित्र बघायचं होतं.

आणि त्या दुर्बिणीने मला फार राबवलं. आमच्या अक्षांशावर ध्रुव तारा क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश असतो. आमच्या गच्चीवरून तो शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीआड जातो. त्यामुळे माउंट, म्हणजे दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारा आधार, ध्रुवाशी जुळवायला दुसऱ्या ताऱ्यांचं सरकणं बघत, स्क्रू फिरवत तास-दीड तास जातो. ४०० मिलिमीटरला खपून जाणारी चूक २०३२ ला प्रत्येक तारा लांबट करते. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. माउंटच्या दात्यांनी त्याच्यामागे दोन-दोन मिनिटं अर्ध्या-एक विकलाच्या आत राहायचं असतं. किती चुकतंय ते दाखवणारी गाइडिंगची रेघ पडद्यावर वरखाली होत असते आणि आपण ती आजाऱ्याच्या नाडीसारखी बघत बसतो. दर रात्री आधी एक उजळ तारा फोकसबाहेर नेऊन त्याचं कडं बघायचं. मधलं भोक एका बाजूला सरकलेलं असेल, तर आरसा सरळ करणाऱ्या पुढच्या तीन स्क्रूंपैकी एक अष्टमांश फेरा फिरवायचा, तारा परत मध्ये आणायचा, परत बघायचं. एप्रिलमध्ये गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. त्याची ऊब नळीसमोरून वर जाते आणि ते कडं उकळत्या पाण्यासारखं हलत राहतं. अशा वेळी स्क्रू फिरवण्यात अर्थ नसतो. खुर्ची ओढून बसायचं, स्लॅब निवायची वाट बघायची.

एवढं करून जे हातात आलं ते पुसट होतं. दोन्ही भुजा होत्या, दोन्ही दीर्घिकांना जोडणारा सेतू होता, धुळीच्या काळ्या पट्ट्या होत्या, पण सगळं जणू दुधाच्या सायीखालून बघतोय असं. मी वर्षानुवर्षं याचं खापर दिव्यांवर फोडत आलो. गल्लीत सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, त्यावर मी सोसायटीच्या बैठकीत बोललो, महापालिकेला पत्रं लिहिली. ती पत्रं चुकीची नव्हती. पिवळ्या दिव्याचा बराचसा प्रकाश ठरावीक रंगात असायचा, तो फिल्टरने अडवता यायचा. पांढरा प्रकाश सगळ्या रंगांत पसरतो आणि दीर्घिकेचा प्रकाशही सगळ्या रंगांत असतो, त्यामुळे फिल्टर लावून सुटका नाही. पण दिवे आकाश उजळवतात, फिकट गोष्टी बुडवतात. ते ताऱ्याचा बिंदू पसरवत नाहीत. माझ्या चित्राचा पुसटपणा हवेचा होता, तापलेल्या स्लॅबचा होता आणि माझ्या हट्टाने निवडलेल्या २०३२ मिलिमीटरचा होता. दिव्यांना दोष दिला की तिसऱ्या कारणाकडे बघावं लागत नव्हतं.

मग ती रात्र आली. चित्रावर प्रक्रिया करायला एक नवं साधन मिळालं होतं, मोठ्या संख्येने चित्रं दाखवून शिकवलेलं, पुसट चित्र धारदार करणारं. त्यात एक सरकपट्टी असते. मी ती मध्यावर ठेवली. तारे आवळले, भुजा किंचित उठून आल्या. बरं वाटलं. मी पट्टी पुढे नेली, आणि भुजांवर गाठी उमटायला लागल्या. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं बटण असतं. ते मी तीन-चार वेळा दाबून पाहिलं. त्या ठिपक्याच्या जागी ‘आधी’मध्ये एक पसरट, गुलाबीसर डाग होता, बहुधा नवे तारे जन्मतात तसा हायड्रोजनचा ढग. ‘नंतर’मध्ये तिथे तारा होता. साधनाला वाटलं, की हा हवेने पसरलेला ताराच असणार, आणि त्याने तो आवळून बिंदू केला. मला हे दिसलं. मी थांबलो. बिंदू जास्त सुंदर दिसत होता. मी पट्टी तिथेच ठेवली आणि फाइल साठवली.

म्हणून मी म्हणतो, की मला माहीत होतं.

कुणी म्हणेल, यात एवढं काय? आपल्या छंदात सगळंच तर घडवलेलं असतं. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे आणि त्याला झटकून उत्तर देता येत नाही. कॅमेऱ्यातून आलेली नोंद जशीच्या तशी दाखवली तर पडदा काळा दिसतो. त्या काळ्यातला फिकट भाग वर ओढावाच लागतो, आणि किती ओढायचा हे माझ्या नजरेवर असतं. रंगांचा तोल मीच ठरवतो. पुसटपणा गणिताने उलटवणंही नवं नाही. रिचर्डसनने १९७२ साली आणि ल्युसीने १९७४ साली मांडलेली रीत आजही वापरतात. हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासला गेल्याचं १९९० साली कळलं, तेव्हा १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत शास्त्रज्ञ असल्याच रीतींनी तिची चित्रं सुधारत होते. पण दोष नेमका काय आहे, एक बिंदू किती आणि कसा पसरतो, हे त्यांनी मोजलेलं होतं, आणि काय केलं ते लिहून ठेवलेलं होतं. मी काही मोजलं नाही. मी काही लिहिलं नाही. पाटीवर फक्त ‘पुण्यातल्या गच्चीवरून टिपलेली’ असं लिहिलं.

ह्याच दीर्घिकेच्या इतिहासात एक गोष्ट आहे, ती मला तेव्हाही ठाऊक होती. १८४५ साली लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधल्या आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून एम ५१ पाहिली आणि तिचा भोवरा पहिल्यांदा कागदावर काढला. त्यांच्याही आधी तिला पाहणारे होते, पण भोवरा त्यांनी दाखवला. त्याच माणसाने पुढच्या वर्षी कळवलं, की मृगातला मोठा तेजोमेघ आपल्या दुर्बिणीत सुट्या ताऱ्यांचा दिसतो. त्या काळी सगळे तेजोमेघ म्हणजे दूरचे तारकासमूहच असावेत असं पुष्कळांना वाटत होतं, आणि पुसट उजेडात डोळ्याने जे शोधायचं ठरवलं ते शोधून काढलं. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी वर्णपटमापक लावला तेव्हा असे कित्येक तेजोमेघ वायूचे ढग निघाले. मृगातला तेजोमेघही त्यांतलाच. रॉस चुकले, पण त्यांनी जे दिसलं तेच सांगितलं. ढगाच्या जागी तारा मीही दाखवला. फरक एवढाच, की मला बटण दाबून आधीचं बघता येत होतं आणि मी ते बघितलं होतं.

आमच्या गावाची आठवण अधिक बोचते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, जे आज सीओईपी म्हणून ओळखलं जातं, १८८८ पासून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. तिथली २० इंची दुर्बीण त्या वेळी देशातली सर्वांत मोठी. ती चालवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला. हगिन्सना तेजोमेघांच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली होती, ती कोणत्या पदार्थाची यावर विलायतेत मोठा वाद होता. नॉर्मन लॉकयर यांच्यासारखा वजनदार शास्त्रज्ञ ती मॅग्नेशियमशी जोडत होता. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची ती रेषा पुण्यातून पाहिली आणि ती कोणत्याही परिस्थितीत बारीक आणि स्पष्टच राहते, असं नोंदवलं. लॉकयरांच्या मताला ते प्रतिकूल होतं. तरी दिसलं तसं लिहिलं. ती रेषा दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची असल्याचं आयरा बोवेन यांनी १९२७ साली दाखवलं. माझ्या फिल्टरच्या डबीत ५००.७ नॅनोमीटरचा एक फिल्टर आहे, तो हीच रेषा आत सोडतो. तेजोमेघ टिपताना मी तो रात्र-रात्र लावून बसतो. ज्या गावातून एका माणसाने त्या रेषेबद्दल खरं लिहिलं, त्याच गावातून मी एका ताऱ्याबद्दल खोटं बोललो.

दीर्घिकेचा फोटो भिंतीवर टांगायची शोभा एवढंच असतं, तर मी कदाचित गप्प राहिलो असतो. पण तो साक्षही असतो. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांनी एम १०१ दीर्घिकेत सुपरनोव्हा शोधला. त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांनी त्या आधीच्या तासांत घेतलेले फोटो तपासले गेले आणि स्फोटाच्या सुरुवातीचे क्षण त्यातून लागले. २०११ साली एम ५१ मध्ये सुपरनोव्हा दिसला, तोही आधी हौशी लोकांनाच. त्या मुलीचा प्रश्न म्हणजे योग्य प्रश्न होता. असाच प्रश्न विचारत माणसं शोध लावतात. ती पुस्तकातल्या फोटोशी माझा फोटो ताडून बघत होती, जे प्रदर्शनात आलेल्या एकाही मोठ्या माणसाने केलं नाही. आणि मी तिला सांगितलं, की तुला दिसलं ते बघण्यासारखं नाही.

अकरा दिवस मी काही केलं नाही. ती जिन्यात भेटायची, “काका, नवीन फोटो?” असं विचारायची. बाराव्या रात्री मी मूळ ३१२ फ्रेम्स काढल्या आणि त्यांचे दोन भाग केले. एक सोडून एक, १५६ आणि १५६. दोन्ही वेगळे रचले, कोणतंही धार लावणारं साधन न वापरता. जे खरोखर आकाशात आहे ते दोन्हींत सापडलं पाहिजे. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून आलटून-पालटून दाखवली. भुजा दोन्हींत होत्या. सेतू दोन्हींत. गुलाबी डाग दोन्हींत, त्याच जागी, तसाच पसरट. तारा एकातही नव्हता. मग मी छापलेल्या फोटोतल्या इतर गाठी तशाच तपासल्या. आणखी सात जागी तेच निघालं.

त्यातली सर्वांत जड गोष्ट म्हणजे, त्या रात्री पडद्यावर धार न लावलेलं चित्र मी नीट पाहिलं आणि ते चांगलं होतं. पुसट होतं, पण त्यातलं सगळं त्या नऊ रात्रींत माझ्या गच्चीवर उतरलेलं होतं. लोक माझ्या चिकाटीचं कौतुक करत होते आणि ती चिकाटी खरी होती. खरं चित्र माझ्याजवळ पहिल्यापासून होतं. मला त्याची लाज वाटली होती, कारण मी घरी ‘नक्की’ म्हणून बसलो होतो.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेलो. तिची आई होती. मी दोघींसमोर सांगितलं, की तो हॉट पिक्सेल नव्हता, ते मला तेव्हाच माहीत होतं, आणि तो ठिपका माझ्या हाताने तयार झाला. तिची आई काही बोलली नाही. मुलीने वही आणली, ते पान काढलं आणि विचारलं, “मग इथे काय लिहू?” मी म्हणालो, “तिथे तारा नाही, एवढं लिही.” तिने हॉट पिक्सेल या शब्दांवर रेघ मारली आणि तसं लिहिलं. मग म्हणाली, “आता ती दोन्ही चित्रं दाखवा.” आम्ही तासभर बसलो. डाग कुठे खरा आणि कुठे नाही, हे तिने माझ्याआधी दोनदा ओळखलं.

घरी येऊन बायकोलाही सांगितलं. दुर्बिणीचंही सांगितलं. आता मी नाभीय अंतर कमी करणारा ०.६३ चा रिड्युसर लावून १२८० मिलिमीटरवर काम करतो. दीर्घिका लहान येते आणि तारे जरा घट्ट दिसतात. धार लावायचं साधन मी टाकून दिलेलं नाही. वापरलं तर आधी दोन अर्ध्या ढिगांची चाचणी करतो आणि फोटोखाली लिहितो. काही रात्री मन परत पट्टी पुढे न्यायला सांगतं, ते अजून थांबलेलं नाही.

त्या फोटोच्या पाच प्रती मी वाटल्या होत्या. शाळेतली बदलली, दोन शेजाऱ्यांकडच्या बदलल्या. उरलेल्या दोन प्रदर्शनाच्या दिवशी कुणी मागून नेल्या, त्यांची नावं मी लिहून घेतली नव्हती. त्यातली एखादी तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या भिंतीवर असेल, तर कृपा करून मला कळवा. मी नवी प्रत चौकटीसकट घरी आणून देईन आणि जुनी परत घेऊन जाईन.